उतरून ढकलली, मग?

सकाळी सायकल राइडवरून परत आल्यापासून फोन लांब ठेवून बसले होते. म्हटलं, डोकं शांत झालं की लिहू. दोनदा चहा झाला, कपडे वाळत घालून झाले, सासूबाईंशी कारण नसताना चढ्या आवाजात बोलून झालं, आणि डोकं आहे तिथेच आहे. तेव्हा आता लिहूनच टाकते. लांबलचक होणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

आज रविवार. फोंड्याहून एका ग्रुपची राइड होती, जुन्या गोव्यापर्यंत जाऊन परत. पोस्टरवर ठळक लिहिलेलं: 'नवख्यांचं स्वागत. नो ड्रॉप राइड.' ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, नो ड्रॉप म्हणजे कुणालाही मागे सोडून पुढे जायचं नाही, सगळ्यांनी एकमेकांना धरून चालायचं. जाताना उतार, गार हवा, सगळे खूश. बाणस्तारीचा पूल कधी गेला कळलंसुद्धा नाही. येताना म्हार्दोळ सोडल्यावर फर्मागुडीचा चढ लागला आणि मी अर्ध्यावर उतरले. उतरून सायकल ढकलत चालायला लागले. माझे पाय, माझा श्वास, माझी सायकल. वर पोचले तर ग्रुप चहा पिऊन केव्हाच पसार. आणि घरी येऊन बघते तर व्हॉट्सॲपवर माझा पाठमोरा फोटो, खाली 'आमचा वॉकिंग क्लब' आणि हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

पाठमोरा फोटो! म्हणजे काढणारा माझ्या मागे होता. म्हणजे तो ओलांडून गेला, आणि जाताना 'ताई, पाणी आहे ना?' एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.

त्याच चढावर मला गेल्या डिसेंबरात भेटलेल्या पोदेराची, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याची, गोष्ट माझ्या घरच्यांनी इतक्यांदा ऐकली आहे की मुलगा आता हात जोडतो. पण तुम्ही ऐका.

सायकल नवी होती. गिअर कधी बदलायचा, कसा बदलायचा, सगळं यूट्यूबवरचं ज्ञान. चढ सुरू झाला, पाय भरून आले, आणि मी ऐन जोर लावलेला असताना पुढचा गिअर पाडायला गेले. कर्रर्र आवाज, पॅडल एकदम रिकामं फिरलं आणि चेन आत फ्रेमच्या बाजूला जाऊन लोंबकळली. रस्त्याकडेला सायकल लावून मी तिच्याकडे बघत उभी. बोटांच्या चिमटीत चेन धरून ओढायला गेले तर ती तसूभर हलेना. शेजारून ट्रक जातायत, प्रत्येकाचा हॉर्न वेगळ्या सुरात. तेवढ्यात मागून पों-पों. पोदेर. मागे कॅरिअरवर टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, एकच गिअर असलेली जुनी काळी सायकल. त्याने ती स्टँडवर लावली, टोपली कलंडत नाही ना ते एकदा बघून घेतलं आणि माझ्या सायकलपाशी उकिडवा बसला.

त्याच्या सायकलीला गिअर नाही, पण त्याला माझी सायकल समजायला पाच सेकंदं लागली नाहीत. मागच्या चाकाखाली गिअरचा जो लोंबता दांडा असतो ना, दोन छोट्या चक्र्यांचा, तो त्याने अंगठ्याने पुढे रेटला. चेन लगेच सैल पडली. दुसऱ्या हातात पाव बांधायचा वर्तमानपत्राचा तुकडा, त्या कागदाने चेन धरून पुढच्या चक्राच्या दातांवर खालच्या बाजूने दोन-तीन कड्या बसवल्या आणि पॅडल हातानेच हळू फिरवलं. खट्‌. बसली. मग म्हणाला, "बाय, चडणीर गियर बदलचो न्हय. पयलींच बदल." झालं. एवढंच. उठला, कागदाला हात पुसले आणि विचारलं, "पाव व्हरतां?" मी चार पोळ्या घेतल्या. (गोव्याबाहेरच्या मित्रांनो, पोळी म्हणजे आमच्या पोदेराची कोंडा लावलेली गोल पोळी. पुरणपोळी डोळ्यांपुढे आणू नका.)

आता बघा, त्या माणसाने मला काय काय विचारलं नाही. सायकल कितीची? विचारलं नाही. रोज किती किलोमीटर? नाही. ॲव्हरेज स्पीड? नाही. 'या वयात कशाला?' अजिबात नाही. आणि गोव्यात दोन चाकांवर रोज पहाटे खऱ्या अर्थाने घाम गाळणारा माणूस कोण, तो की रविवारी चकचकीत जर्सी घालून मिरवणारे आपण?

हे सगळं लिहिताना मला आठवलं की मी सायकल घेतल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न 'किती झाले?' हाच आहे. कसं वाटलं, कुठे गेलीस, काय दिसलं, यातलं काही नाही. किती झाले. मी म्हणते, रायबंदरच्या बांधावरून गेले होते. तर, किती झाले? अरे बाबा, तो रस्ता पोर्तुगिजांनी 1633-34 मध्ये बांधला, तीन किलोमीटरच्या वर सरळ सपाट, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी, सकाळी सहा-साडेसहाला तिथे पाण्यावर बगळे आणि आपण, एवढेच. गाडीतून मी तिथून उभा जन्म गेले, मला तिथे वास असतो हे माहीत नव्हतं. चिखलाचा, मिठाचा, ओहोटीचा. हे सांगायला तोंड उघडावं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर आकड्याची वाट बघणं.

बरं, आकड्यांचंच बोलायचं तर बोलू. आमच्यातल्या शूरवीरांना बीआरएमचं, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या राइडचं, फार कौतुक. आहेच कौतुकाचं, 200 किलोमीटर म्हणजे चेष्टा नाही. पण त्या 200 ला वेळ किती देतात? साडेतेरा तास. आणि निकालात पहिला-दुसरा नंबर लावतच नाहीत. वेळेत पोचला तो पोचला. वाटेत चढावर उतरून चाललात म्हणून कुणी बाद करत नाही. आणि ज्यांना यातही बाईमाणसाचं रडगाणं दिसत असेल त्यांनी बेल्जियममधला कोपेनबर्ग बघावा. दगडी फरसबंदीचा चढ, जेमतेम सहाशे मीटर, पण सगळ्यात उभ्या जागी 22 टक्के. टूर ऑफ फ्लँडर्सच्या शर्यतीत जगातले पगारी सायकलस्वार तिथे उतरून सायकली ढकलत धावतात. पुढचा एक अडखळला की मागची सगळी रांग पायउतार. त्यांचे पाठमोरे फोटो काढून वॉकिंग क्लब म्हणा बघू.

हो, मान्य. ज्यांना स्पर्धेची तयारी करायची आहे त्यांनी माझ्यासारखीसाठी दर चढावर थांबावं हे शक्य नाही, त्यांचं अंग थंड पडतं, लय तुटते, सगळं मान्य. मग पोस्टरवर तसं लिहा ना. 'वेगवान राइड, नवख्यांनी येऊ नये.' मी आलेच नसते. दोडामार्गाकडून फिरून आले असते नाहीतर सरळ झोपले असते.

आणि उतरण्याला एवढं हसताय, तर ज्यांच्या मागे कुत्री लागली आहेत त्यांना विचारा. आमच्या वाड्याच्या तोंडाशी एक तपकिरी आहे, फिरत्या चाकाशी त्याचं काय वैर आहे देव जाणे. जोरात पॅडल मारलं की तो दुप्पट जोरात. शेवटी काय उपयोगी पडलं? उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची आणि चालायला लागायचं. तो दोनदा भुंकतो, त्याला वाटतं 'अरे, हे तर माणूस', आणि जाऊन परत दुकानाच्या पायरीवर पडतो. आता तर शेपूटसुद्धा हलवतो मेला.

राग थोडा उतरला. तपकिऱ्याने उतरवला.

खरं सांगायचं तर या काही महिन्यांत मला मजाच फार आली. सीटवर बसून बसून जे दुखायचं ते कुठे दुखायचं हे इथे लिहीत नाही, बायकांना कळलं. पॅडवाली शॉर्ट घेतली तेव्हा ती दोरीवर वाळताना बघून सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त तिच्यावर एक टॉवेल टाकून गेल्या. नंतर सीटच मुळात दोन बोटं खाली होती असं कळलं, ती वर केली आणि गुडघ्याची कुरकुर पळाली. एकदा पंक्चर काढायला गेले तर दुकानदाराच्या पंपाचं तोंड माझ्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. तो बिचारा ट्यूब हातात घेऊन माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे. त्या व्हॉल्व्हला वर एक पितळेचं टोपण लावलं की साध्या पंपाने हवा जाते, ते टोपण आता माझ्या पर्समध्ये देवाच्या फोटोशेजारी असतं. पावसात लाल मातीने चेन अशी माखते की आधी फडक्याने कोरडी पुसा, मग थेंब थेंब तेल, मग परत पुसा. नाहीतर समुद्राकाठच्या या हवेत दोन दिवसांत तांबेरा. हे कुणी शिकवत नाही, आणि ज्यांना येतं ते हसतात.

आणि रस्ते. रस्त्यांवर बोलायला लागले तर ही पोस्ट उद्यापर्यंत चालेल. हायवेला गाडीवाले आपल्याला इतकं घासून जातात की त्यांच्या आरशात आपला घाम दिसावा. भाड्याच्या गाडीतले पर्यटक तर हॉर्नवर हात ठेवूनच उतरतात विमानातून. तिसऱ्या मांडवी पुलावर दुचाकींना मज्जावच, म्हणजे आपण तर हिशेबातच नाही. आयर्नमनच्या, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा तिहेरी शर्यतीच्या, दिवशी मात्र पणजीत 90 किलोमीटरच्या सायकलसाठी रस्ते मोकळे करून देतात, बॅरिकेड, पोलीस, टाळ्या. 2019 ला पहिल्यांदा झाली तेव्हा मीच मिरामारला उभी राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. छानच होतं ते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच रस्त्यावर पोदेर निघतो तेव्हा त्याला मागून हॉर्न. त्याची उंड्यांची, काकणांची (बांगड्या नव्हेत, हेही पावच) टोपली कुणाला बॅरिकेडमागे ठेवावीशी वाटत नाही.

म्हणूनच मला गाडीवाल्यांपेक्षा आपल्या माणसांचा जास्त राग येतो. गाडीवाल्याला सायकल कळत नाही, सोडून द्या. तुम्हाला कळते ना? तुम्हीही कधीतरी याच चढावर जीभ बाहेर काढून थांबला होतात ना? की आईच्या पोटातून पॅडलला अडकणारे क्लीटचे बूट घालूनच आलात? पोदेराला घाई नव्हती असं समजू नका. पाव गार होत होते, वरची गिऱ्हाइकं त्याच्या पों-पोंची वाट बघत बसली होती. तरी थांबला. आणि तुम्हाला चहा गार होईल म्हणून थांबता आलं नाही.

आत्ताच एका मैत्रिणीचा मेसेज आला, 'जाऊ दे गं, मजेत टाकला असेल.' असेल. मजेतच टाकला असेल. फोटो टाकणाऱ्याने दुपारी तो काढूनही टाकला, 'सॉरी ताई' असंही लिहिलं. मुलगा लहान आहे, विशी-बाविशीचा. त्याच्याशी माझं भांडण नाही, पुढच्या वेळी भेटला तर पोळीसुद्धा खाऊ घालीन. भांडण आहे ते खाली हसणाऱ्या आठ-दहा मोठ्या, शहाण्यासुरत्या, पोरंबाळं असलेल्या माणसांशी. त्यांच्यातल्या दोघांना मी स्वतः सायकल घ्यायला भरीस घातलं होतं.

ग्रुप सोडला मी. कुणी समजूत काढायला फोन करू नये.

त्याऐवजी असं ठरवलं आहे. पुढच्या रविवारी मी दिवाडी बेटावर जाणार. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून सकाळची फेरीबोट. पलीकडे उतरलं की खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांतला, सपाट रस्ता, गाड्या कमी, मग पिएदादच्या चर्चची टेकडी. तिथे चढ आहे, आणि मला दम लागला तर मी उतरणार आहे, आताच सांगते. ज्यांची सायकल पोरांच्या दहावीपासून जिन्याखाली धूळ खात पडली आहे त्यांनी ती बाहेर काढा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, चाकात हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी राहिली आहे का बघा. गिअर नसला तरी चालेल. साडी, ड्रेस, शॉर्ट, काहीही चालेल, फक्त ओढणी मागच्या चाकात जाणार नाही अशी बांधा. परत यायला वेळ ठरलेली नाही. हेल्मेट मात्र पाहिजेच, नसेल तर धक्क्यावरूनच परत पाठवीन, मग ओळख कितीही जुनी असो.