स्पॅमला फुलफॉर्म नाही हो, मामा!

माझी भाची सातवीत आहे. परवा तिच्या प्रकल्पाच्या वहीत लाल शाईने अधोरेखित केलेली ओळ दिसली: 'स्पॅम म्हणजे स्टुपिड पॉइंटलेस ॲनॉइंग मेसेजेस.' कुठून आणलंस विचारलं, तर म्हणे, "मामाआजोबांनी ग्रुपवर टाकलंय." पाहिलं, तर खरंच. स्पॅमबद्दल, म्हणजे न मागता येणाऱ्या कचरा मेलबद्दल, चार मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. फुलफॉर्म, १९७८ साली पहिला जाहिरातीचा मेल गेला तेव्हाच पडलेलं नाव, 'स्पॅम' नावाच्या मांसाच्या डब्याशी संबंध ही निव्वळ अफवा, आणि स्पॅम फोल्डरात सगळे व्हायरसच, न बघता उडवा.

आधी त्या फुलफॉर्मचं बघू. शेवटचा 'एम' जर मेसेजेसचा, तर 'स्पॅम मेसेज' म्हणणारी सगळी माणसं 'मेसेज मेसेज' म्हणतायत का? शब्द आधी आला. अक्षरं ताणून त्यात वाक्य कोंबण्याची हौस नंतरची. आपल्याकडे फुलफॉर्म दिसला की ज्ञान मिळाल्यासारखं वाटतं, तिथेच घोळ आहे. गंमत म्हणजे चारही अक्षरं मोठी लिहिलेलं रूप आहे त्या डब्याचं! कचरा मेलसाठी छोटी अक्षरं वापरा, एवढंच तो डबा बनवणारी कंपनी सांगत आली आहे.

तो डबा म्हणजे डुकराच्या मांसाचा. अमेरिकेत मिनेसोटातल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली काढलेला. नाव सुचवणाऱ्या केनेथ डेग्नो नावाच्या नटाला १०० डॉलर बक्षीस मिळालं. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या टंचाईत ब्रिटनमध्ये ताजं मांस रेशनवर, त्यामुळे हा डबा घरोघरी पोचला आणि लोकांना त्याचा वीट आला. त्याचीच थट्टा मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदवीरांच्या मंडळींनी १५ डिसेंबर १९७० रोजी बीबीसीवर केली. एक जोडपं हॉटेलात येतं, प्रत्येक पदार्थात स्पॅम. बाईंना स्पॅम नको असतं, पण शेजारच्या टेबलावरचे व्हायकिंग 'स्पॅम, स्पॅम' असं एवढ्या मोठ्याने गायला लागतात की कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही.

पुढे ऑनलाइन गप्पांच्या खोल्यांत टारगट मंडळी पडदा भरेपर्यंत तोच तोच मजकूर ओतायची, कधी कधी 'स्पॅम' हाच शब्द. दुसऱ्याचं बोलणं बुडवायचं, त्या व्हायकिंगांसारखं. हे मी पदरचं सांगत नाही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांचा जून १९९९चा दस्तऐवज आहे, आरएफसी २६३५. नको असलेल्या घाऊक मेलवरच लिहिलेला. शब्द त्या विनोदी प्रवेशातून आला, असं त्यात सरळ दिलंय. (त्या हॉटेलाला त्यांनी स्टुडिओचं कॅन्टीन करून टाकलंय, ते सोडा.) म्हणजे तिसरा मुद्दाही इथेच निकालात.

१९७८ची घटना मात्र खरी, हे कबूल करायला हवं. ३ मे रोजी गॅरी थर्क या विक्रेत्याने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात पाठवली आणि भरपूर बोलणी खाल्ली. पण तेव्हा तिला स्पॅम कुणी म्हटलं नाही. यूजनेट या ऑनलाइन चर्चागटांच्या जाळ्यावर हे नाव रूढ झालं १९९३-९४च्या सुमारास. आधी एका बिघडलेल्या प्रोग्रामने एकाच गटात सुमारे २०० संदेश टाकले, मग दोन वकिलांनी ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो गटांत ओतली.

राहिला चौथा. स्पॅम म्हणजे न मागता घाऊक पाठवलेला मजकूर. त्यात फसवणूक असते, अगदी भरपूर असते, म्हणून तिथल्या लिंकवर बोट ठेवू नये, इथवर मामा बरोबर. पण तो फोल्डर भरतं एक यंत्र, अंदाजाने, आणि त्याचा अंदाज चुकतो. बऱ्याच मेल सेवा तिथलं सगळं साधारण ३० दिवसांत आपोआप पुसतात, म्हणून अधूनमधून निदान पाठवणाऱ्यांची नावं तरी बघावीत. मामांनी गेल्या महिन्यात न बघता फोल्डर रिकामा केला. मग विम्याची पावती आली नाही म्हणून आठवडाभर फोन. समोरचा एकच सांगत होता, "पाठवली आहे, स्पॅममध्ये बघा."