मंदारराव, कॉइल की ऑपरेशन?

मंदारराव, तुमचं म्हणणं असं की माझ्या लेखात स्वादुपिंडाच्या एव्हीएमवर, म्हणजे धमन्या आणि शिरा थेट जोडल्या जाऊन झालेल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर, ऑपरेशन सुचवून मी लोकांना घाबरवतोय, तुमच्या मामेभावाला मांडीतून नळी घालून कॉइल (रक्तवाहिनी बंद करणाऱ्या बारीक तारेच्या गुंडाळ्या) टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी तो कोथरूडला घरी आला, मग पोट कशाला फाडायचं? भाऊ बरा आहे हे वाचून खरंच बरं वाटलं. पण मी स्वतः कॉइल टाकणारा माणूस आहे, आणि तरीही माझं मत तेच आहे.

स्वादुपिंडाच्या डोक्याला वरून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी आणि खालून सुपिरिअर मेसेंटेरिक धमनीच्या फांद्या असं दोन्हीकडून रक्त येतं आणि या फांद्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची बंद केली की स्क्रीनवर सगळं शांत होतं, मग खालून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडला की तोच गुंता परत काळाभोर उमटतो आणि पोर्टल व्हेन, आतड्यांकडचं रक्त यकृताकडे नेणारी शीर, जी जरा उशिरा दिसायला हवी, ती धमन्यांबरोबरच भरून येते. लक्ष्मी रोड बंद केला की गाड्या कुमठेकर रस्त्याने जातातच ना, तसं. बरं, सगळ्याच वाटा बंद कराव्या तर ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) रक्तपुरवठा तुटायची, पँक्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला सूज यायची भीती.

धो धो रक्त जात असेल किंवा पेशंटला ऑपरेशन झेपणार नसेल तर कॉइल किंवा रक्तवाहिनी बंद करणारा ग्लूच, त्यात वादच नाही. पण त्रास होतोय आणि गुंता काढता येण्यासारखा आहे, तर तो काढलेला बरा, कारण पोर्टल व्हेनमधलं प्रेशर एकदा पक्कं वाढलं की नंतर कशाचाच नीट उपयोग होत नाही. व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं ड्युओडेनमसकट काढणं, मोठं ऑपरेशन आहे, नंतर शुगर होऊ शकते, जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल लागू शकतात, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. १९६८ मध्ये पहिल्यांदा नोंदवलेला आजार, केसेस इतक्या कमी की दोन्ही उपचारांची मोठी तुलना झालेलीच नाही. आणि काहीच त्रास नाही, सहज स्कॅनमध्ये दिसलं, अशा माणसाला ऑपरेशन करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

भावाला एवढं सांगा, फॉलोअपचा सीटी आर्टेरियल फेजसकट (डाय धमन्यांत असतानाचे फोटो) करून घे. काळी शी झाली तर अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी घेऊन बसू नकोस, आणि एंडोस्कोपी नॉर्मल आली तरी निर्धास्त होऊ नकोस, रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून थांबून थांबून येत असेल तर ते त्या वेळी दिसतही नाही. आणि घरात कुणाचा घोळणा वारंवार फुटतो का तेही विचारा, कारण ऑस्लर-वेबर-रेंदू हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार निघाला तर फुप्फुसं आणि मेंदूही तपासावे लागतात, त्याचे आणि घरातल्यांचेही.