गरम इंजिनवर डिझेल मारू नका: खंडेनवमीच्या त्या मेसेजला उत्तर

दसरा जवळ आला की गाडी धुण्याचे मेसेज फिरायला लागतात. यंदाचा मेसेज माझ्या मामांपर्यंत पोचला. मी त्यांच्याकडे दहा मिनिटं उशिरा गेलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. मामा नुकतेच कराडहून बाजार करून आले होते. गाडी अंगणात, बोनेट उघडं, आतून झळ येत होती, आणि मामांच्या हातात गुलाबांवर औषध मारायची स्प्रे बाटली. बाटलीत ट्रॅक्टरच्या कॅनमधलं डिझेल.

मी बाटली हातातून काढूनच घेतली. मामा रागावले. "अरे, गॅरेजवाला दीड हजार मागतो, हे घरच्या घरी होतंय की!" आणि त्यांनी मोबाइल पुढे केला.

मेसेज थोडक्यात असा. गाडी वीस मिनिटं फिरवून इंजिन चांगलं तापवा, गरम असतानाच मळ सुटतो. डिझेल किंवा रॉकेल सगळीकडे फवारा. मग इंजिन चालू ठेवूनच प्रेशर वॉशर मारा, चालू इंजिनात पाणी शिरत नाही आणि वायरी जोडायची सगळी सॉकेटं आयपी 67 म्हणजे वॉटरप्रूफ असतात. बॅटरीच्या टर्मिनलवर खायच्या सोड्याचं पाणी ओता. शेवटी प्लास्टिकला खोबरेल तेल चोळा. खाली "कंपनीवाले हे कधीच सांगणार नाहीत" आहेच. कंपनीवाले सांगतात. गाडीसोबत जे पुस्तक मिळतं, त्यात इंजिनच्या सफाईबद्दल काय लिहिलंय ते एकदा उघडून बघा.

माझं कामच गाड्यांच्या वायरिंगचं आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी डिझेल, कारण बाकीच्या चुकांनी गाडी बंद पडेल, या चुकीने माणूस भाजेल. "डिझेल काय पेट्रोलसारखं भडकत नाही," असं मामाही म्हणाले. बादलीतल्या थंड डिझेलबद्दल ते खरं आहे. पण प्रत्येक इंधनाचा एक फ्लॅश पॉइंट असतो. त्या तापमानाला त्याची वाफ इतकी होते की ठिणगी मिळाली की पेट घेते. आपल्याकडच्या मानकात गाडीच्या डिझेलसाठी हा आकडा कमीत कमी 35 अंश सेल्सिअस आहे, रॉकेलचंही तसंच. चालून आलेल्या गाडीचं कूलंटच, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, 90 अंशांच्या आसपास असतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी, तर त्याच्या कितीतरी वर, घाट चढून आलेली गाडी असेल तर काही शे अंशांवर. आणि साधारण 210 अंशांच्या पुढे डिझेलला ठिणगीचीही गरज उरत नाही, ते आपसूक पेटू शकतं. त्यात तुम्ही ते ओतत नाही, फवारताय. फवारलेलं इंधन धुक्यासारखं हवेत पसरतं, आणि असं धुकं फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटतं. डिझेल इंजिन चालतं ते याच तत्त्वावर: तापलेल्या हवेत बारीक फवारा. सिलिंडरच्या आत जे होतं ते बोनेटखाली तोंड घालून हाताने करायला सांगणारा हा मेसेज आहे. लोक तो घरच्यांच्या ग्रुपवर पाठवतायत.

समजा, पेटलं नाही. तरी रबराचं काय? कूलंटच्या पाइपांचं रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं, आजकालचे पट्टेही बरेचसे त्याचेच. हे रबर पाणी, वाफ, उष्णता उत्तम सोसतं, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. डिझेल मारल्यावर दिसणारी चमक म्हणजे मागे राहिलेला तेलाचा थर. आठ दिवसांत त्यावर धूळ चिकटून आधीपेक्षा घट्ट चिखल होतो. आणि धुतलेलं ते डिझेलचं पाणी मामांच्या अंगणात वाहून कुठे जाणार होतं, तर जनावरांच्या हौदाकडे.

आता आयपी 67. मेसेजमधला हा एकच मुद्दा अभ्यास केल्यासारखा दिसतो, म्हणून सगळ्यात जास्त लोक त्यालाच फसतात. आकडा खोटा नाही, गाडीतली बरीच सॉकेटं या दर्जाची असतात. पण यातला पहिला 6 धुळीसाठी, पाण्यासाठी दुसरा आकडा, 7. त्याचा अर्थ काय? वस्तू 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं शांत बुडवून ठेवली तर नुकसान होईल इतकं पाणी आत जात नाही. एवढाच. हे आकडे ज्या मानकातून येतात, त्या आयईसी 60529 मध्येच स्पष्ट म्हटलंय की ज्या वस्तूवर फक्त 7 किंवा 8 आहे, ती पाण्याच्या झोताला योग्य नाही असं समजावं. झोताची परीक्षा वेगळी, तिचे दुसऱ्या जागेवरचे आकडे 5 आणि 6, आणि दोन्ही परीक्षा पास असेल तर दोन्ही आकडे छापावे लागतात. 67 मोठा म्हणून त्यात 65 आलंच, हा हिशेब इथे लागत नाही.

हे डोळ्यांसमोर आणायचं तर 1 मीटर पाण्याचा दाब भरतो 0.1 बार. घरगुती प्रेशर वॉशरवर 100 बार किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं. नोझलपासून लांब गेल्यावर झोताचा जोर झपाट्याने उतरतो, मान्य. पण बोनेटखाली लांब जायला जागाच कुठे आहे? नोझल सॉकेटपासून वितीवर असतं. इतक्या जवळून येणारा जोरदार झोत सोसणारा दर्जाही आहे, त्याला 9के म्हणतात. आयपी 67 म्हणजे तो नव्हे.

त्यातून इंजिन तापलेलं. बंद डबीतली गरम हवा थंड पाणी पडताच आकसते आणि बारीकशा फटीतून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. म्हणजे मेसेजने सील नापास होण्याची सगळी तयारी आधीच करून ठेवली आहे.

गेल्या वर्षी एक ताई टोचन करून गाडी घेऊन आल्या. घरी इंजिन धुतलं, गाडी सुरू झाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि झटके मारायला लागली. तिसऱ्या सिलिंडरची, प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल उपसली तर प्लगच्या खड्ड्यात पाणी. सिरिंजला सलाइनची नळी लावून ओढलं, सिरिंज दोनदा भरली. कॉइलच्या रबरी टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ उमटलेली होती. करंट प्लगपर्यंत न जाता त्या वाटेने बॉडीत उतरत होता. कॉइल बदलावी लागली. दीड हजार वाचवायला गेलेल्या माणसाला त्याहून जास्त खर्च आला, आणि गाडी दोन दिवस उभी.

"गाडी पावसात चालते, तेव्हा काही होत नाही," हेही मामांनी ऐकवलं. पावसात वर बोनेट असतं, खाली गार्ड असतात, आणि येतात ते शिंतोडे. कोणी सॉकेटच्या मानेवर नोझल धरून उभं नसतं.

चालू इंजिनाबद्दल फार बोलत नाही. चालू इंजिन एअर फिल्टरच्या तोंडातून हवा ओढत असतं. हवेच्या जागी पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. पट्टा फिरतोय, पंखा कधीही सुरू होतो, आणि आपला हात आणि फडका तिथेच.

खोबरेल तेलावर धूळ बसते, शिवाय उंदराच्या पिंजऱ्यात आपण आमिष कशाचं लावतो ते आठवा. दसऱ्यानंतर थंडीत उंदीर उबेला बोनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. दुकानात हे मी दर हिवाळ्यात बघतो.

सोड्याचा मुद्दा मात्र मान्य करावाच लागेल. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर ॲसिडमुळे येतो आणि कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घातला की तो फेसाळून निघतो. पण ओतायचं नाही. 10 नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह, जुन्या दातांच्या ब्रशने घासायचं, पुसून कोरडं करायचं, वर थोडी पेट्रोलियम जेली. लावताना निगेटिव्ह शेवटी.

आणि इंजिन साफ करावं हेही खरंच. मळ ओल धरून ठेवतो, गळती लपवतो. म्हणून मामांना रागात सोडून मी निघून आलो नाही. इंजिन गार होईपर्यंत चहा झाला. मॅनिफोल्डवर हाताचा पालथा पंजा आरामात टेकला, तेव्हा कामाला लागलो. आधी मोबाइलवर फोटो काढले, कारण तेलाचा ओलसर डाग कुठून सुरू होतो ते पुसल्यावर कळत नाही. निगेटिव्ह काढलं. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कॉइल आणि एअर फिल्टरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड. दोन इंची रंगाच्या ब्रशने कोरडी धूळ झाडली. निम्मं काम तिथेच झालं. मग गाडी धुण्याचा शाम्पू पाण्यात कालवून ब्रशला लावला, इंजिनवर फवारला नाही. तेलकट जागी पाण्यात विरघळणारा डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) फडक्यावर घेऊन पुसला, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या. पाइप लावलाच नाही. पिशव्या काढून बोनेट तासभर उघडं ठेवलं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींच्या आसपास एवढंही करू नका. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर त्याच्या वायरींना फडकाही जपून लावा.

खरी घाण इंजिनवर नव्हतीच. वायपरखालच्या जाळीत हात घातला तर कडुनिंबाची पानं निघाली, पावसाने कुजून काळी झालेली, दोन मुठी भरून. खालचं पाणी जायचं भोक त्यांनीच बुजलं होतं. पावसाळाभर मामी म्हणत होत्या की पुढच्या सीटखालचं मॅटिंग ओलं राहतं. ते पाणी तिथून येत होतं.