मनाउसच्या मढ्यावर रडणारा फॉरवर्ड

ब्राझीलमधल्या मनाउस शहराबद्दलचा एक मजकूर दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी पाठवतंच. सोबत घुमटवाल्या नाट्यगृहाचा फोटो. आशय असा : अ‍ॅमेझॉनच्या जंगलात रबरसम्राटांनी सोन्याची नगरी उभारली, तिथल्या ऑपेराच्या उद्घाटनाला इटलीचा नामांकित गायक कारुसो गायला, शेठलोकांचे कपडे धुवायला लिस्बनला जात. मग एका इंग्रजाने रबराचं बी चोरलं आणि नगरी एका रात्रीत ओस पडली. आज तिथे रस्तासुद्धा जात नाही!

कपड्यांवरून मी भांडणार नाही. पाठवले असतील एखाद्याने हौसेने.

कारुसोचं मात्र साफ खोटं. ते नाट्यगृह, तेआत्रो आमाझोनास, उघडलं 31 डिसेंबर 1896 ला आणि पहिला ऑपेरा, ‘ला जोकोंदा’, झाला 7 जानेवारी 1897 ला. तेव्हा कारुसो तेवीस वर्षांचा, नुकता कुठे रंगमंचावर आलेला पोरगा होता. तो मनाउसला कधीच गायला नाही. 1982 च्या एका जर्मन सिनेमाने ही दंतकथा जगभर नेली, एवढंच.

आता बियांची चोरी. हेन्री विकहॅमने 1876 मध्ये सुमारे 70 हजार बिया लंडनच्या ‘क्यू’ या वनस्पतिउद्यानात पोचवल्या, हे खरं. पण त्या गोळा केल्या तापाजोस नदीच्या काठी, मनाउसच्या कितीतरी खाली, आणि बिया बाहेर नेऊ नयेत असा कायदा तेव्हा ब्राझीलमध्ये नव्हताच. शिवाय ‘एका रात्रीत’? मनाउसच्या रबराचा बाजार कोसळला 1912 च्या सुमारास. म्हणजे ही रात्र छत्तीस वर्षांची झाली.

खरं कारण झाडांच्या अंतरात आहे. जंगलात रबराची झाडं विखुरलेली. चीक काढणारा सेरिंगेइरो पहाटे निघे, शे-दीडशे झाडांची पायवाट तुडवी, संध्याकाळी तो चीक धुरावर धरून त्याचे गोळे करी. क्यूमधून आशियात गेलेलं तेच झाड तिथे रांगेत लागलं आणि मजूर दोन पावलांत पुढच्या खोडाशी पोचू लागला. आपल्याकडे दोडामार्गच्या बागांत बघा : खोडावर तिरकी चीर, खाली चीक धरायला वाटी, पुढचं झाड काही पावलांवर. ब्राझीलमध्ये अशा रांगा लावून पाहिल्या, तर पानांवरच्या बुरशीने बागा खाल्ल्या. आशियात झाड गेलं, ती बुरशी गेली नाही.

‘सोन्याची नगरी’ म्हणताना हा सेरिंगेइरो मजकुरात कुठेच नाही, याचा मला जास्त राग येतो. ईशान्य ब्राझीलच्या सेआरा भागातल्या 1877च्या दुष्काळाने हाकललेली माणसं ही. बोटीचं भाडं, सुरी, पीठ, सगळं सावकाराच्या वहीत उधार. रबर सावकाराच्याच दराने सावकारालाच घालायचं. ही उधारी फिटायची नाही. सावकाराची वही मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

ओस पडलेल्या या नगरीची 2022 च्या जनगणनेतली वस्ती 20 लाखांवर आहे. 1967 पासूनच्या करसवलतींमुळे तिथे मोटारसायकली आणि टीव्ही बनतात.

रस्त्याचं अर्धं खरं आहे. उत्तरेला बोआ व्हिस्ताकडे आणि पुढे व्हेनेझुएलाकडे डांबरी रस्ता जातो. दक्षिणेकडचा पोर्तो वेल्योचा रस्ता 1970च्या दशकात झाला आणि जंगलाने गिळला. मधला मोठा पट्टा पावसाळ्यात नुसता चिखल. म्हणून माल आजही नदीनेच येतो, माणसंही. नदीच्या मुखाकडच्या बेलें शहराला जाणाऱ्या बोटीत स्वतःचा झुला न्यायचा, आड्याला बांधायचा आणि चार-पाच दिवस शेजाऱ्याच्या कोपराचा मार खात झोपायचं.

समुद्र इथून दीड हजार किलोमीटरवर, तरी बंदरात समुद्री जहाजं लागतात. अडचण पाण्याच्या चढउताराची. शहराकाठची रिओ नेग्रो नदी वर्षाकाठी दहा-बारा मीटर वरखाली होते, म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रज इंजिनिअरांनी धक्काच तरंगता केला. नदी चढली की धक्का चढतो. बंदरात 1902 पासून पातळीची नोंद आहे : जून 2021 मध्ये 30.02 मीटर, ऑक्टोबर 2024 मध्ये 12.11. सहा मजली इमारतीएवढा फरक! 2024 च्या त्या दुष्काळात मोठी जहाजं मनाउसपर्यंत पोचेनात, तेव्हा कारखान्यांचे कंटेनर खाली इताकोआतियाराला तात्पुरत्या तरंगत्या धक्क्यावर उतरवून बार्जने वर आणावे लागले. मेलेल्या शहरासाठी एवढा खटाटोप कोण करतं?