तेरा भागांचा 'कॉन्स्टंटाईन' आणि एक सोयीस्कर निकाल

पुण्यात इंग्रजी कॉमिक्स वाचणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे, आणि लहान वर्तुळात एखादे मत एकदा रुजले की ते पुढे माहिती म्हणूनच सांगितले जाते. कॉमिक्समधल्या जॉन कॉन्स्टंटाईन या राक्षसांशी झुंजणाऱ्या मांत्रिकावर बेतलेल्या 'कॉन्स्टंटाईन' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेबद्दलचे असे एक मत गेली काही वर्षे आमच्याकडे हातोहात फिरत आहे. सदाशिव पेठेत शनिवारी आम्ही काही मित्र जमतो, तिथे परवा ते पुन्हा जवळजवळ त्याच शब्दांत कानांवर आले. मत असे: मालिकेने मूळ कॉमिक्सची मोडतोड केली, नायकाच्या ओठांतली सिगारेट काढून त्याला सोवळा करून टाकले, निर्मात्यांचा गोंधळ एवढा की पहिल्या भागातली नायिका दुसऱ्या भागात गायब झाली, आणि त्यामुळे प्रेक्षकांनी मालिका नाकारली, १३ भागांत गाशा गुंडाळावा लागला हाच त्याचा पुरावा.

मालिका निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण तिच्यावर ठेवलेले बहुतेक आरोप लागू पडत नाहीत, आणि त्या गलबल्यात तिचे खरे दोष मात्र कोणी पाहत नाही.

आधी पुरावाच तपासू. एन.बी.सी. वाहिनीने मुळातच १३ भागांची मागणी नोंदवली होती, आणि २४ ऑक्टोबर २०१४ ते १३ फेब्रुवारी २०१५ या काळात ते सगळे १३ भाग दाखवले गेले. तेव्हा मालिका मध्येच उपटून फेकली, हे चित्र चुकीचे आहे. तिकडची तेव्हाची रीत अशी की नव्या मालिकेचे आधी १३ भाग मागवायचे आणि आकडे समाधानकारक वाटले तर उरलेल्या हंगामासाठी आणखी भागांची मागणी करायची. ही वाढीव मागणी करणार नाही, असे वाहिनीने नोव्हेंबर २०१४ मध्येच ठरवले. त्या वेळी जेमतेम चार-पाच भाग प्रसारित झाले होते, आणि मालिका रद्द झाल्याचे औपचारिकरीत्या मे २०१५ मध्ये कळले. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी चालणाऱ्या मालिकांची सवय झालेल्या आपल्या घरांत तेरा हा आकडा फजितीसारखा वाटतो, पण तिथे ती तेव्हा पहिल्या मागणीची नेहमीची लांबी होती.

आता 'प्रेक्षकांनी नाकारली' या वाक्याकडे वळतो. पहिला भाग सुमारे ४३ लाख लोकांनी पाहिला. शुक्रवारी रात्री १० च्या वेळेसाठी हा आकडा लाजिरवाणा नव्हता, मात्र पुढे तो घसरला, हे कबूल केले पाहिजे. शिवाय वाहिनी तेव्हा एकूण डोकी मोजत नव्हती, तर जाहिरातदारांना हवे असलेले १८ ते ४९ या वयोगटातले प्रेक्षक मोजत होती, आणि त्या मोजणीत मालिका मागे पडली. त्यात भर अशी की मालिकेची निर्मिती वॉर्नर ब्रदर्सची होती, वाहिनीची स्वतःची नव्हती. घरच्या मालिकेतून पुढे पुनःप्रसारण आणि परदेशी विक्री यांचा पैसा वाहिनीला मिळतो, म्हणून तिला थोडी अधिक सवलत मिळण्याची शक्यता असते. बाहेरून आलेल्या मालिकेच्या बाबतीत असे काही घडण्याचे कारण उरत नाही. हा सगळा व्यवहाराचा हिशेब आहे. त्यावरून पटकथेची प्रत ठरवणे म्हणजे दुकान बंद झाले म्हणून मालच भेसळीचा होता असे समजणे.

मालिकेचे काही कैवारी याच्या नेमके उलट टोक गाठतात आणि सगळा दोष शुक्रवारच्या रात्रीला देतात. तेही मला पटत नाही. त्याच वाहिनीवरची 'ग्रिम' ही भुताखेतांची मालिका बहुतांश काळ शुक्रवारीच दाखवली जात होती आणि तिचे सहा हंगाम झाले. जानेवारी २०१५ मध्ये 'कॉन्स्टंटाईन'ची वेळ रात्री ८ वर आणली गेली, पण भागांची मागणी न वाढवण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता.

मूळ कॉमिक्सच्या मोडतोडीचा मुद्दा मला सर्वांत कच्चा वाटतो. जॉन कॉन्स्टंटाईन हे पात्र १९८५ मध्ये 'स्वॅम्प थिंग' या दुसऱ्या एका कॉमिकच्या पानांवर अवतरले आणि १९८८ च्या जानेवारीपासून 'हेलब्लेझर' या त्याच्या स्वतःच्या मालिकेचे अंक निघू लागले. २०१३ मध्ये ते ३०० व्या अंकावर थांबले. या अंकांतला सोनेरी केसांचा, ढिल्या टायचा, मळकट ट्रेंचकोटातला इंग्रज २००५ च्या चित्रपटात काळ्या केसांचा अमेरिकी झाला होता आणि लॉस एंजेलिसमध्ये राहत होता. दूरचित्रवाणीने त्याचे केस, कोट आणि बोलणे त्याला परत दिले. भूमिकाही मॅट रायन या वेल्समधल्या नटाकडे सोपवली. पहिल्या भागात तो स्वतःहून रेव्हन्सकार या मनोरुग्णालयात दाखल झालेला दिसतो, न्यूकॅसलमध्ये ॲस्ट्रा नावाच्या मुलीला त्याच्या चुकीमुळे नरकात ओढून नेले गेले त्याचा सल त्याला कुरतडत असतो, आणि तिला ओढून नेणाऱ्या राक्षसाचे नावसुद्धा नेर्गलच आहे. हे सगळे कॉमिक्समधूनच घेतलेले आहे.

नायिकेचे प्रकरण तर आरोपाच्या अगदी विरुद्ध बाजूला झुकते. पहिल्या भागातली लिव्ह ही मालिकेसाठी नव्याने रचलेली होती. तिला निरोप देऊन आणलेली झेड 'हेलब्लेझर'च्या सुरुवातीच्या अंकांतून उचललेली आहे. पहिल्या भागाच्या शेवटी लिव्हची पाठवणी ठिगळासारखी दिसते हे खरे, पण त्या बदलाने मालिका कॉमिक्सच्या जवळच गेली.

सिगारेटबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या खुल्या वाहिन्यांवर नायकाला सतत धूम्रपान करताना दाखवायला अडसर असतो, म्हणून सुरुवातीला आपल्याला लायटर आणि विझवलेली थोटकेच अधिक दिसतात. पुढे काही भागांत त्याच्या हातात पेटती सिगारेटही येते. तोटा झाला हे मान्य. पण या माणसाचा सोवळेपणा त्याच्या हातातल्या सिगारेटवरून ठरत नाही, तो माणसांशी कसा वागतो त्यावरून ठरतो. आणि तो पाहायचा तर चौथ्या भागाकडे जावे लागते.

हा भाग 'हेलब्लेझर'च्या पहिल्या दोन अंकांवर बेतलेला आहे. गॅरी लेस्टर हा कॉन्स्टंटाईनचा जुना, व्यसनाधीन मित्र. तो परदेशातून भुकेचा राक्षस बाटलीत बंद करून आणतो आणि त्याच्या हातून तो सुटतो. या राक्षसाला कोंडून ठेवायला जिवंत मानवी देह लागतो, आणि कॉन्स्टंटाईन त्यासाठी गॅरीची निवड करतो. नारायण धारपांच्या समर्थांवर पोसलेल्या मराठी वाचकाला इथे ठेच लागते, कारण आपल्या कथांतला मांत्रिक साधनेने शुद्ध झालेला असतो, त्याच्या अधिकाराचा उगमच त्या शुद्धतेत असतो, आणि शरण आलेल्याला तो कधीच वाऱ्यावर सोडत नाही. कॉन्स्टंटाईनकडे अशी कोणतीही साधना नाही. त्याच्याकडे माहिती आहे, थापा आहेत आणि बळी द्यायला मित्र आहेत. आमच्या बैठकीतल्या एका काकांना त्याचा राग आला होता तो यामुळेच, आणि तो राग मला सिगारेटच्या तक्रारीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटला. मालिकेने एक गोष्ट सौम्य केली आहे: कॉमिक्समध्ये गॅरीची निव्वळ फसवणूक होते, तर इथे शेवटी त्याला सत्य उमगते आणि तो होकार देतो. पण नंतर कॉन्स्टंटाईन त्याच्या यातना बघत शेजारी बसून राहतो, उठून जात नाही. सोवळ्या नायकाला हे दृश्य झेपले नसते.

मोडतोड शोधायचीच असेल तर ती दुसरीकडे आहे, आणि फिरणाऱ्या मतात तिचा उल्लेखही नाही. कॉमिक्समधला चॅस हा लंडनचा टॅक्सीवाला, साधा माणूस; कॉन्स्टंटाईनच्या मैत्रीची किंमत त्याला चुकवावी लागते ती त्या साधेपणामुळे. मालिकेने त्याला अमेरिकी केले आणि मंत्राच्या जोरावर पुन्हा पुन्हा मरून उठणारा केले, त्यामुळे त्याच्या जिवाला असलेला धोकाच संपला. १९९२ च्या एका अंकात कॉन्स्टंटाईनच्या पूर्वायुष्यात प्रियकरही होते असे सूचित होते. मालिका त्याबाबत गप्प राहिली. सुरुवातीच्या बऱ्याच भागांत नकाशावर रक्ताचा ठिपका उमटतो आणि मंडळी तिकडे निघतात, या एकाच साच्याची कथा येते, आणि 'वाढता अंधार' म्हणून जे संकट सतत सांगितले जाते ते नेमके काय आहे हे फार उशिरापर्यंत धूसरच राहते.

प्रेक्षकांच्या नकाराबद्दल एक नोंद उरते. मालिका रद्द झाली त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, दुसऱ्या वाहिनीवरच्या 'ॲरो' या मालिकेच्या एका भागात मॅट रायन तोच कोट घालून आला आणि पुढे 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो'मध्ये नियमित पात्र झाला. नाकारलेल्या पात्राला तोच नट देऊन कोणी परत बोलावत नाही.

शेवटच्या भागातला धक्का मात्र मला आजही पटत नाही. मॅनी हा देवदूत १३ भाग कोड्यांत बोलतो, मदत करायची वेळ आली की हात झटकतो, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला तोच सगळ्या संकटाचा सूत्रधार निघतो. त्याची आधीची वाक्ये या उलगड्यानंतर पुन्हा ऐकली तर काही जुळतात, बरीच जुळत नाहीत; आणि या एका गोष्टीचा दोष वाहिनीच्या हिशेबाला देता येत नाही, कारण ती लेखकांनी आपल्या हाताने लिहिली आहे.