लातूरच्या मंगल कार्यालयाच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की जानेवारीत आमच्याकडून एनर्जी मॅनेजमेंट सिस्टीम (वीज मोजून तिचा वापर आपोआप आवरणारी यंत्रणा) बसवूनही मे २०२५ चं बिल गेल्या मेपेक्षा जास्त आलं, ऐन मंगलाष्टकांना हॉलचे एसी बंद पडले आणि फोन केला की आमची पोरं 'ॲपवर बघा' म्हणून मोकळी होतात. म्हणून पैसे परत पाहिजेत. तुमच्या बिलातले आकडे मी चव्हाट्यावर मांडणार नाही, पण आरोप चारचौघांत झालाय तर उत्तरही तिथंच देतो.

मे २०२४ आठवा. गुरू आणि शुक्र, दोघांचाही अस्त. लग्नाला मुहूर्त नव्हते म्हटलं तरी चालेल. यंदा तुमच्याकडं तारीख मिळत नव्हती. रिकाम्या कार्यालयाचं बिल भरलेल्या कार्यालयाच्या बिलाशेजारी ठेवलं तर ते वाढलेलंच दिसणार. हिशोब एका कार्यामागं किती युनिट गेले असा लावा, आणि तोही मे २०२३ शी. तो कागद तुमच्याकडं पोचलेला आहे, युनिट खाली आलेत. रुपयांकडं बघू नका, दर ठरवणं आमच्या हातात नाही आणि फिक्स्ड चार्ज तर कार्यालय बंद असलं तरी लागतो. आता एक गोष्ट तुमच्या बाजूची: यंदा मेमध्ये पावसानं झोडपलं, हवा गार होती. त्या गारव्यानं वाचलेले युनिट मी आमच्या खात्यात धरत नाही. एप्रिल बघा, तेव्हा ऊन होतं.

मंगलाष्टकांचं. त्या दुपारी वादळ आलं, लाइट गेली, जनरेटर सुरू झाला. तुमचा जनरेटर हॉलचे सगळे एसी ओढत नाही. त्यामुळं जनरेटरवर एसी सोडायचे नाहीत, पंखे, दिवे आणि माइक तेवढे चालू ठेवायचे, हा क्रम तुम्हीच ठरवून सही केलीय. सिस्टीमनं तेच केलं. लाइट आल्यावर एसी परत लागायला हवे होते. ते लागले नाहीत, कारण पॅनलवरचा ऑटो-मॅन्युअलचा खटका कुणीतरी मॅन्युअलवर फिरवला होता. सिस्टीमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, वेळेसकट आहे. वॉचमनला रागावू नका, घाबरून माणूस दिसेल तो खटका फिरवतो. पण पॅनलच्या दारावर कुलूप लावा, हे आमचा माणूस बसवतानाच सांगून गेला होता.

'ॲपवर बघा'बद्दल: नुसतं तेवढं बोलून फोन ठेवायचा नाही, काय बघायचं तेही सांगायचं, असं पोरांना बजावलंय.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या रिव्ह्यूत नाही. जुन्या इमारतीत वायरिंग जसं असेल त्यावरच काम करावं लागतं. तुमच्याकडं हॉल, भटारखाना, बोअर आणि वरच्या खोल्या अशा प्रत्येक फीडरवर (पॅनलमधून त्या त्या भागाला जाणाऱ्या लाइनवर) आम्ही सीटी, म्हणजे करंट मोजणारी कडी, अडकवून वेगळं मोजमाप लावलं. हॉलच्या ब्लोअरला, म्हणजे हवा ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याला, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) दिला. पंखा ८० टक्के वेगानं फिरवला की वीज जवळजवळ निम्मीच लागते, बचतीतला मोठा वाटा तिथलाच. एसी २४ वर बांधले. (१८ वर ठेवल्यानं हॉल लवकर गार होत नाही, हे वरपित्याला कोण सांगणार!) पण या सगळ्या फीडरची बेरीज आणि महावितरणच्या मीटरचं रीडिंग यात लग्नाच्या दिवशी मोठा फरक पडतो, इतर दिवशी पडत नाही.

तो फरक डेकोरेशनवाल्याचा आहे. तो आपली काळी केबल थेट मेन पॅनलच्या बसबारला (जिथून सगळे फीडर निघतात त्या धातूच्या पट्टीला) आवळतो आणि एलईडी वॉल, पार लाइट, कूलर, सगळं त्यावर चालवतो. ती वीज आमच्या एकाही फीडरमधून जात नाही, त्यामुळं सिस्टीमला ती कमीही करता येत नाही. वर संध्याकाळी हॉलचे एसी आणि त्याचा लोड एकत्र आले की कॉन्ट्रॅक्ट डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती लोड घ्यायचा, हा महावितरणशी ठरलेला आकडा) ओलांडली जाते, आणि वरच्या प्रत्येक केव्हीएला (लोड मोजायचं एकक) डिमांड चार्जच्या दीडपट दरानं दंड लागतो. बिलातली 'पेनल्टी'ची ओळ तीच.

पैसे परत मिळणार नाहीत, कारण ठरलेलं काम झालंय आणि चालू आहे. डेकोरेशनसाठी वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), सॉकेट आणि सबमीटर लावून देतो. लग्नघराला ते युनिट वेगळे लावता येतील, भाडं ठरवतानाच सांगा म्हणजे नंतर वाद नाही. तुळशीच्या लग्नाआधी हे उरकायला हवं. मजुरी घेणार नाही, सामानाचे पैसे लागतील.