दिवा तुमचा, हुकूम कुणाचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. घरातली प्रत्येक वस्तू इंटरनेटला जोडण्याआधी दहा वेळा विचार करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: असे लेख लोकांना उगाच घाबरवतात. सगळी माहिती आता एन्क्रिप्ट होऊनच, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपातच, जाते. आपला दिवा किती वाजता लागतो हे कळून कुणाला काय मिळणार आहे? आणि शेवटी तुम्ही वडिलांबद्दल लिहिलंत. अर्धांगवायूनंतर त्यांचा हात बटणापर्यंत पोचत नाही, आता ते नुसत्या आवाजावर दिवा आणि पंखा चालवतात. "हे सुख त्यांच्याकडून काढून घ्यायचं का?" असा तुमचा प्रश्न आहे.

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. नाही, मुळीच काढून घ्यायचं नाही. रात्री जाग आल्यावर कुणालाही न उठवता दिवा लावता येणं ही अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याविरुद्ध मी एक अक्षरही लिहिणार नाही. पण खरं सांगायचं तर एवढं सविस्तर उत्तर मी तुमच्या वडिलांमुळेच लिहितोय. ज्याला उठून बटण दाबता येतं, त्याच्या दिव्याने एखाद्या रात्री ऐकलं नाही तर फारसं बिघडत नाही. ज्याला उठता येत नाही, त्याचं बिघडतं.

ते "दिवा लाव" म्हणतात तेव्हा नेमकं काय होतं ते बघा. हुकूम ऐकणाऱ्या स्मार्ट स्पीकरचा मायक्रोफोन कायम चालू असतो. आतला एक छोटा प्रोग्रॅम फक्त हाक मारायचा ठरलेला शब्द ऐकू येतोय का एवढंच तपासत असतो, आणि मागचे काही सेकंद सतत पुसून त्यावर नवीन साठवत राहतो. इथपर्यंतचं सगळं घरातच राहतं. तो शब्द जुळला, किंवा जुळला असं स्पीकरला वाटलं, की पुढचा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो, या खात्यात "दिवा" नावाची वस्तू कोणती हे शोधलं जातं. बल्ब दुसऱ्या कंपनीचा असेल तर पहिल्या कंपनीचा सर्व्हर दुसरीच्या सर्व्हरला निरोप देतो, आणि तो सर्व्हर बल्बला. आता घरातला राउटर बाहेरच्या कुणाला आपणहून आत येऊ देत नाही. म्हणून बल्बला वीज मिळाली की तो स्वतःच बाहेर कंपनीशी संपर्क साधतो आणि ती जोडणी चोवीस तास उघडी ठेवतो. निरोप त्या उघड्या वाटेने आत येतो. पलंगापासून दोन हातांवरचा दिवा, पण हुकूम कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या सर्व्हरला वळसा घालून येणार, आणि तोही बहुतेक वेळा सेकंद-दीड सेकंदात. हे काम ज्यांनी जमवलं त्या इंजिनियरांचं मला मनापासून कौतुक आहे.

पण या साखळीतल्या कड्या मोजा. वीज, राउटर, इंटरनेट सेवा, पहिली कंपनी, दुसरी कंपनी आणि दोन्हीकडची तुमची खाती. यातली एक जरी कडी निसटली तरी वडील अंधारात. ७ डिसेंबर २०२१ ला अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागातली अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे इतर कंपन्याही भाड्याने वापरतात ते सर्व्हर, कित्येक तास विस्कळीत झाली. त्या दिवशी अनेक घरांत आवाजी मदतनीस अलेक्सा बोलेना, दारावरचे कॅमेरे अ‍ॅपवर दिसेनात, झाडू मारणारे रोबोट फोनवरून हलेनात. लोकांच्या घरी वीज होती, इंटरनेट होतं, उपकरणंही धडधाकट होती.

आणि हा झाला तात्पुरता बिघाड. रिव्हॉल्व्ह नावाचं एक उपकरण होतं. घरातले वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे, कुलपं, सेन्सर एकत्र आणणारं. त्याच्यासोबत "आजीवन सेवा" देऊ केली होती. २०१४ मध्ये ती कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. लोकांच्या कपाटावरची चांगली चालती डबी एका दिवसात निकामी झाली. कधी कधी वस्तू चालू राहते, पण तिचे नियम बदलतात. अ‍ॅमेझॉनच्या काही एको स्पीकरांवर, रेकॉर्डिंग क्लाउडकडे न पाठवण्याचा पर्याय निवडता येत असे. २८ मार्च २०२५ पासून तो पर्याय काढून टाकला गेला. ज्यांनी त्या पर्यायाच्या भरवशावर स्पीकर घेतला होता, त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या: नवा नियम मान्य करा किंवा वापरणं सोडा.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. कोण चोरून ऐकतंय हा प्रश्न आहेच, पण त्याच्या आधीचा प्रश्न असा की पैसे मोजून घरात आणलेली वस्तू कुणाच्या हुकमावर चालते. तुम्ही बल्ब विकत घेता. तो उद्या लागेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार मात्र विक्रेत्याकडेच राहतो, आणि तो किती वर्षं कसा वापरायचा याचा शब्द तुम्हाला कुणी दिलेला नसतो.

आता एन्क्रिप्शन. नावाजलेल्या कंपन्यांची उपकरणं माहिती एन्क्रिप्ट करूनच पाठवतात, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बंद पाकीट वाटेत कुणी फोडलं नाही, तरी ज्याच्या नावावर आहे तो ते उघडतोच. २०१९ मध्ये एकामागून एक बातम्या आल्या की अ‍ॅमेझॉन, गूगल आणि अ‍ॅपल या तिन्ही कंपन्यांच्या आवाजी मदतनीसांची काही रेकॉर्डिंग माणसं ऐकतात, त्यातली कित्येक माणसं कंत्राटी. हेतू आवाज ओळखण्यात सुधारणा करण्याचा होता, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये स्पीकर चुकून जागा झाल्यावर टिपलेलं घरातलं बोलणंही होतं. अ‍ॅपलने नंतर माफी मागितली आणि वापरणाऱ्याची स्पष्ट परवानगी घेण्याची पद्धत आणली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या हिताचं रक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने) रिंग या कॅमेऱ्यांच्या कंपनीवर कारवाई केली. कमिशनच्या तक्रारीत म्हटलं होतं की एक कर्मचारी अनेक महिने महिला ग्राहकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहत होता. ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. एन्क्रिप्शन तिथे काय कामाचं? किल्ली असलेल्या माणसानेच दार उघडलं होतं.

शिवाय आत काय आहे हे न वाचताही बाहेरून बरंच कळतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की झोप मोजणारं यंत्र, कॅमेरा, स्मार्ट स्विच अशा उपकरणांची एन्क्रिप्ट केलेली माहिती कधी आणि किती वाहते एवढ्यावरून घरातला माणूस केव्हा झोपला, केव्हा उठला याचा अंदाज बांधता येतो. तुमच्या राउटरवर जोडलेल्या उपकरणांची हालचाल दिसत असेल तर एकदा रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, ते पान उघडून पाहा. ज्यात काहीही खोचलेलं नाही असा स्मार्ट प्लगसुद्धा गप्प बसलेला नसतो. मधूनच कुठल्या तरी सर्व्हरला वेळ विचारतो, थोड्या वेळाने कंपनीला "मी आहे" असं कळवतो, पुन्हा थांबतो, पुन्हा कळवतो. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर निवांत दिसणारी वस्तू रात्रभर बाहेर बोलत असते. त्यात गैर काही नाही, जोडणी उघडी ठेवायची तर ते करावंच लागतं. पण कुणी त्याचं बटण दाबलं की त्याच क्षणी माहितीचा एक छोटा झोत उसळतो, आणि ती वेळ कुठे तरी नोंदली जाते.

"दिवा किती वाजता लागतो हे कळून कुणाला काय मिळणार?" हा प्रश्न मला फार जण विचारतात. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जॉर्ज हार्ट नावाचे संशोधक विजेच्या वापरावर काम करत होते. घराला येणाऱ्या मुख्य तारेवर एकच मोजणी करायची, आणि वापर किती उडी मारून वाढला किंवा उतरला यावरून आत कोणतं उपकरण चालू-बंद झालं ते ओळखायचं, अशी ती पद्धत. फ्रीजचा कॉम्प्रेसर, हीटर, पंप, प्रत्येकाची उडी वेगळी. याच हार्ट यांनी १९८९ मध्ये लेख लिहून बजावलं की ही पद्धत लोकांवर पाळत ठेवायला वापरता येईल. स्मार्ट प्लग बाजारात यायला तेव्हा खूप अवकाश होता. एका रात्रीची एक नोंद निरर्थकच असते. सहा महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा. घर कधी रिकामं असतं, कोण किती वाजता परततं, कोणत्या आठवड्यात झोप उडाली होती, सगळं दिसतं. तुमच्या वडिलांच्या खोलीत पहाटे तीनला आठवड्यात कितीदा दिवा लागतो, ही तर त्यांच्या प्रकृतीचीच नोंद झाली. ती डॉक्टरांच्या फाइलमध्ये असती तर तुम्ही ती कुणाच्याही हाती दिली असती का?

आणि अशा नोंदींना गिऱ्हाईक असतं. व्हिझिओ कंपनीच्या १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक काय पाहतात याची सेकंदासेकंदाची माहिती प्रेक्षकांना नीट न सांगता गोळा करून इतरांना विकली गेली, असा आरोप होता. २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. काहीच मिळणार नसतं तर ती माहिती कुणी विकत कशाला घेतली असती?

एक गोष्ट मागच्या लेखात जागेअभावी राहिली होती, ती इथे सांगतो. घरात उपकरण आणतो एक जण, अ‍ॅप असतं त्याच्या फोनवर, आणि त्या उपकरणाच्या नजरेखाली राहतात सगळे. २०१८ मध्ये अमेरिकेत बातम्या आल्या की छळ करणारे नवरे किंवा जोडीदार घराबाहेर पडल्यानंतरही फोनवरून घरातला थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारं यंत्र), दिवे, कुलपं चालवून बायकांना सतावत होते. तुमच्या घरी असं काही नाही हे मला माहीत आहे. पण वडिलांची सेवा करायला येणाऱ्या व्यक्तीला खोलीत मायक्रोफोन आहे हे सांगितलंय का? खुद्द वडिलांना सांगितलंय का, की त्यांनी दिलेल्या आज्ञांची रेकॉर्डिंग साठवली जाऊ शकतात आणि ती पुसताही येतात? माणूस आजारी आहे म्हणून त्याला हे विचारायची गरज नाही, असं मला वाटत नाही. उलट त्याला आधी विचारायला हवं.

राहिला घाबरवण्याचा आरोप. २०१६ मध्ये मिराई नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला. कॅमेरे, राउटर, व्हिडिओ रेकॉर्डर यांवर कारखान्यातून आलेले जे पासवर्ड लोकांनी कधी बदललेच नव्हते, अशा साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी घेऊन तो एकेक उपकरण उघडत गेला. अशा उपकरणांची फौज वापरून २१ ऑक्टोबरला डिन या, वेबसाइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अनेक ठिकाणी कित्येक तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता, कारण त्यांचा कॅमेरा नेहमीसारखा चालूच होता. लोकांनी यावर आरडाओरडा केला म्हणून पुढे कायदे आले असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून "१२३४५" सारखे सरसकट पासवर्ड घालून उपकरण विकायला बंदी आहे, आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ देणार हे विक्रेत्याला आधीच सांगावं लागतं. युरोपीय संघाचा असाच, अधिक कडक कायदा २०२४ मध्ये लागू झाला. त्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून बंधनकारक होतील.

मग वडिलांच्या खोलीत काय करावं? स्पीकर राहू द्या. पण त्यांचा दिवा एकट्या त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. बल्ब स्मार्ट घेण्यापेक्षा भिंतीतला स्विच स्मार्ट घ्या. स्मार्ट बल्बची अडचण अशी, की कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीज जाते, आणि मग वडील कितीही हाका मारोत, तो ऐकत नाही. स्विचच स्मार्ट असला तर आवाज आणि बोट दोन्ही चालतात. तो झिगबी किंवा मॅटर या, उपकरणांनी आपसात बोलायच्या पद्धतींपैकी एकीचा असावा, म्हणजे घरातल्या हबशी (सगळी उपकरणं एकत्र जोडणाऱ्या डबीशी) घरातल्या घरात बोलू शकेल. मॅटर हे २०२२ मध्ये आलेलं मानक क्लाउडशिवाय चालावं अशाच बेताने केलेलं आहे. हब मात्र इंटरनेटविना चालणाराच बघून घ्या. अशा हबचं काम करणारा होम असिस्टंट हा मुक्त (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, एका छोट्या संगणकावर तो घरीच बसवता येतो. आणि पलंगाच्या कठड्याला, त्यांचा चांगला हात जिथे पोचतो तिथे, बॅटरीवर चालणारं एक मोठं बिनतारी बटण लावून ते त्याच हबला जोडा. ज्या रात्री इंटरनेट जाईल त्या रात्रीही ते चालेल. स्पीकरच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग ठराविक काळाने आपोआप पुसण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा, आणि ही सगळी उपकरणं राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) ठेवता येतात का ते पाहा, म्हणजे तुमचा संगणक त्यांच्यापासून वेगळा राहील. फक्त हब आणि फोन त्यांना शोधू शकतात ना, एवढं तपासून घ्या.

हे सगळं करण्याआधी एक चाचणी करा. दिवसा, वडिलांना आधी सांगून, राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची केबल काढा. राउटर आणि वायफाय चालूच ठेवा. मग एकेक गोष्ट वापरून पाहा: आवाजाने दिवा, अ‍ॅपने पंखा, भिंतीवरचं बटण. काय चाललं, काय अडलं ते मॉडेलच्या नावासकट इथे लिहा. अडलेल्यापैकी कशाला घरातल्या घरात चालणारा पर्याय आहे ते मी बघून कळवतो.